इमोगोनचा डावा पाय

मी, त्सुकुदा तोकुजी, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म क्योतोचा, गेली चोपन्न वर्षं राहणार चोफू, तोक्यो, धंदा लहान गावं बांधण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या राजीखुशीने करीत आहे. कुणी माझ्या मागे लागलेलं नाही. लागलं असतं तर केलं नसतं. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदय सोडून बाकी सगळं ठीक असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. येत्या सव्वीस तारखेला ते माझ्या हृदयातली एक झडप बदलणार आहेत. "घाबरू नका, आमचं रोजचं काम आहे," असं ते म्हणाले. मीही बेचाळीस वर्षं लोकांना हेच सांगत होतो, आणि माझ्या रोजच्या कामात दर आठवड्याला एक शहर जमीनदोस्त होत होतं. म्हणून हा कागद.

मजकूर नोटरी कार्यालयातल्या इगाराशीबाईंनी कायद्याच्या भाषेत बसवून आणला. माझे शेरे त्यांनी गाळले होते. मी ते परत घातले. बाई म्हणाल्या, "त्सुकुदासान, हे मृत्युपत्र आहे, आत्मचरित्र नव्हे." मी म्हटलं, "बाई, दोन्ही लिहायला वेळ कुठे आहे? एकातच उरकून टाकू." त्यांनी चष्मा पुसला आणि शेरे राहू दिले. त्याबद्दल त्यांचे आभार इथेच मानतो, कारण मेल्यावर राहून जाईल.

कलम एक. चोफूतलं राहतं घर, जमिनीसकट, माझी एकुलती एक मुलगी मिहोको हिला. तिने त्यात राहावं किंवा विकावं. विकायचं ठरवलं तर गिऱ्हाइकाला जिन्याची चौथी पायरी वाजते हे आधी सांगावं. ती मी मुद्दाम दुरुस्त केली नाही. तिच्या आवाजावरून माझी बायको साचिए वर चहा घेऊन येते आहे हे मला कळायचं आणि मी टेबलावरची सिगारेट विझवायचो. साचिएला सगळं ठाऊक होतं. ती चौथ्या पायरीवर मुद्दाम जोरात पाय द्यायची, हे मला ती गेल्यावर मिहोकोने सांगितलं.

कलम दोन. बँकेत जे काही असेल तेही मिहोकोचं. त्यावर माझा काही शेरा नाही. बँकेबद्दल शेरा लिहिण्यासारखं माझ्या आयुष्यात कधी काही घडलं नाही.

कलम तीन. माझी हत्यारं, म्हणजे प्लास्टर कापायच्या सुऱ्या, सहाणा, रंगाचे ब्रश, आणि विजेचे खांब ओतायचे तेवीस साचे, हे मी जिथे बेचाळीस वर्षं काम केलं त्या होशिमी स्टुडिओतल्या कला विभागाला. सध्या तिथे सगळी मंडळी संगणकाच्या पडद्यासमोर बसून शहरं काढतात. ती माझी हत्यारं बघून हसतील. हसू देत. पण एकदा तरी खरी सुरी हातात धरून प्लास्टरची भिंत अर्ध्या जाडीपर्यंत कापून बघा म्हणावं. ती कुठे कापली आहे हे बघणाऱ्याला दिसता कामा नये, आणि लाथ बसली की ती तिथेच तुटली पाहिजे. माझ्या धंद्यातली सगळी विद्या एवढीच.

कलम चार. क्योतोहून आणलेलं लोणच्याचं मडकं. ते आधी मी शेजारच्या होरिगोमे तामाएबाईंना लिहून दिलं होतं. इगाराशीबाईंनी ते खोडायला लावलं. कायदा असा आहे की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार म्हणून सही करता येत नाही, आणि सही करणाऱ्याला त्यातून काही घेता येत नाही. होरिगोमेबाईंना आम्ही अडीनडीला साक्षीदार म्हणून हाताशी ठेवलं आहे. तेव्हा मडकं मी काल जिवंतपणीच त्यांच्या हातात नेऊन दिलं. त्या म्हणाल्या, "अहो, मरायच्या आधीच वाटणी? एवढी घाई?" मी म्हटलं, "लोणचं वाट बघत नाही, बाई." मडकं रोज हाताने ढवळावं लागतं. त्या ढवळतील की नाही याची मला मरणापेक्षा जास्त काळजी आहे.

कलम पाच. जुनी भांडणं. तोक्योतला नूडल्सचा काळा रस्सा मी चोपन्न वर्षं सहन केला. मी गेल्यावर एकोणपन्नासाव्या दिवशी जे जेवण घालतात त्यात तो असू नये. क्योतोसारखा, वाटीचा तळ दिसेल असा रस्सा करावा. नात्तो, ते चिकट आंबवलेलं सोयाबीन, तर अजिबात नको, त्याचा वास माझ्या फोटोपर्यंत सुद्धा यायला नको. प्रकाशयोजनेतल्या माणसांनी माझी शहरं नेहमी अंधारात ठेवली, त्यांना मी माफ केलं आहे. त्यातले बरेचसे मेले आहेत, त्यामुळे माफ करणं सोपं गेलं. कुमागाई रेंझो याच्याशी माझं जे काही आहे ते या यादीत नाही. ते पुढे स्वतंत्र कलमात आहे.

कलम सहा. पुढचं कळावं म्हणून, हा कागद ज्यांच्यासमोर जाईल त्या न्यायाधीशांसाठी थोडं सांगतो. त्यांचं बालपण अगदीच कडक घरात गेलं असेल तर त्यांना हे ठाऊक नसेल.

'आकाशचौकी सात' ही मालिका दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला लागते. सुरू झाली १९७७ च्या ऑक्टोबरात. दर ऑक्टोबरला नवं पर्व. दर भागात आकाशातून काहीतरी पडतं, ते एखादं गाव तुडवतं, आणि चौकीतले सात रक्षक चंदेरी कपडे घालून, सगळं तुडवून झाल्यावर धावत येतात. ते गाव मी बांधायचो. पंचविसात एक भाग या मापाने, खिडक्या, गटारं, वाळत घातलेल्या चड्ड्या यांसकट. एका वेळी दोन-तीन गावं हाताखाली असायची, एकेकाला दोन-तीन आठवडे लागायचे आणि ते चाळीस सेकंदांत पडायचं. लोक विचारत, वाईट नाही वाटत? मला कधी वाटलं नाही. स्वयंपाक्याला ताट रिकामं झालेलं बघून वाईट वाटतं का?

या मालिकेतला सगळ्यांचा लाडका राक्षस म्हणजे इमोगोन. पहिला रबरी पोशाख बिघडून रताळ्यासारखा, म्हणजे आमच्या भाषेत 'इमो'सारखा, झाला म्हणून ते नाव पडलं. त्या पोशाखाच्या आत पहिली चार पर्वं कुमागाई रेंझो होता, तोक्योतल्या असाकुसाचा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आजही पोरं इमोगोनची नक्कल करताना कंबर आधी आणि पाय नंतर टाकतात. ती चाल कुमागाईची आहे. पण ते कुणाला ठाऊक नाही, कारण चौथ्या पर्वाअखेर त्याचं नाव कलाकारांच्या नावांच्या पाट्यांवरून, जुन्या भागांच्या सुद्धा, काढलं गेलं.

येत्या ऑक्टोबरात पन्नासावं पर्व सुरू होतं आहे. त्याची दिग्दर्शिका कुरिबायाशी नानासे, वय चौतीस, नोव्हेंबरात माझ्या घरी आली. म्हणाली, "गुरुजी, पहिल्याच भागात इमोगोन परत येतोय. मला खरं गाव हवंय, पडद्यावर काढलेलं नको. पडलं की धूळ उडाली पाहिजे, लोकांना घरात बसून शिंक आली पाहिजे." मी तिला वरच्या खोलीत नेलं.

वरच्या खोलीत काय आहे ते आता लिहायला हवं. साचिएला जाऊन अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं मी तिथे आमची गल्ली बांधतो आहे, आम्ही लग्न करून आलो तेव्हाची. कोपऱ्यावरचं न्हाणीघर, त्याचं धुराडं, होरिगोमेबाईंच्या सासऱ्यांचं मासळीचं दुकान, आणि मधोमध साचिएचं बटणांचं आणि दोऱ्यांचं दुकान. दुकानात बटणांचे दोनशे खोके आहेत. चिमट्याने लावले आहेत.

मिहोकोने नगरपालिकेच्या सांस्कृतिक भवनातली माणसं आणली होती. ती खाली वाकली, हळहळली, मापं घेऊन गेली. त्यांना ती गल्ली काचेच्या पेटीत ठेवायची आहे, शेजारी माझा फोटो लावून. मिहोको म्हणते, "बाबा, अकरा वर्षं! आईचं दुकान आहे त्यात. आणि ते तुम्ही कुणाला तरी तुडवायला देणार?"

मी म्हटलं, "तुझी आई दर शुक्रवारी डबा घेऊन स्टुडिओत यायची ती कशाला? शहर पडलं की टाळ्या वाजवायला. स्वतःचं दुकान पडताना बघायला तर तिला फारच आवडलं असतं, निदान झाडून काढायच्या दिवशी तरी."

"तुम्हाला भावनाच नाहीत," असं म्हणून मिहोको खाली गेली. तिचं चुकलं, पण तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं.

नानासे मात्र गल्लीपाशी गुडघ्यांवर बसली. तासभर एकेक भिंत बघत राहिली. मग तिने साचिएच्या दुकानाच्या छपराखालून बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथे कापलंय. आणि इथेही. गुरुजी, हे सगळं पाडण्यासाठीच बांधलंय." अकरा वर्षांत ते ओळखणारी ती पहिली. गल्ली कशी पडावी हेही मी ठरवून बांधलं आहे. एक पाऊल दुकानावर पडलं की दुकानाची भिंत मासळीवाल्यावर, मासळीवाला न्हाणीघरावर, आणि धुराडं सगळ्यात शेवटी, थोडं थांबून. पण ते पाऊल तिथेच पडलं पाहिजे. हातभर चुकलं तर नुसता ढिगारा होईल. दुसरी संधी नाही.

नानासेने विचारलं, "पोशाखात कोण हवं? आमच्याकडे एक सव्वीस वर्षांचा आहे, फार चांगला आहे." मी म्हटलं, उरलेल्या भागात कुणीही चालेल. ते एक पाऊल कुमागाई रेंझोचं.

कलम सात. हे कलम मी पंचेचाळीस वर्षं उशिरा लिहितो आहे. हे वाचताना इगाराशीबाईंनी घाई करू नये.

१९८१ चा मार्च. चौथ्या पर्वाचा शेवटून दुसरा भाग. इमोगोनला बंदरावरची पाण्याची टाकी तुडवायची होती. टाकीच्या अलीकडे एक चार मजली दुकान होतं, दोनशे बारा खिडक्यांचं, प्रत्येक खिडकीत दिवा. ते बांधायला आम्हाला चार महिने लागले होते आणि ते शेवटच्या भागासाठी राखून ठेवलं होतं. पोशाखाच्या आतून काही म्हणजे काही दिसत नाही. मानेपाशी दोन भोकं असतात, त्यातून फक्त छत दिसतं. म्हणून पोशाखवाला अंतर आधी पाठ करतो, घरी, डोळ्यांना पंचा बांधून. मी कुमागाईला चिठ्ठी लिहून दिली: "दाराला पाठ लावून सरळ सहा चटया, मग डावा पाय." अंतर चटयांनी सांगायची आमची रीतच होती, सगळ्यांच्या घरात तातामी, म्हणजे ठराविक मापाच्या जाड गवती चटया, जमिनीवर बसवलेल्या असायच्या.

कुमागाईने आठवडाभर आपल्या घरात सहा चटयांचा सराव केला. त्याचं घर असाकुसात. मी स्टुडिओतलं अंतर माझ्या वडिलांच्या काठीने आखलं. माझे वडील क्योतोला तातामी विणायचे. काठी बरोबर एका चटईच्या लांबीची, क्योतोच्या चटईच्या.

क्योतोची चटई तोक्योच्या चटईपेक्षा आठ बोटं लांब असते. हे तातामी विणणाऱ्याच्या मुलाला कुणी सांगायला लागत नाही. मला ते दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. पण तोक्योत नऊ वर्षं काढूनही मी चटई म्हटलं की ती क्योतोचीच, बाकीच्या नुसत्या नावाच्या, अशा तोऱ्यात होतो. समोरचा माणूस आपली चटई मोजेल हे माझ्या मनातच आलं नाही. एका चटईला आठ बोटं, सहा चटयांना अठ्ठेचाळीस, म्हणजे दोन हात. कुमागाई सांगितल्याप्रमाणे तंतोतंत चालला, दोन हात अलीकडे थांबला आणि त्याने चार महिन्यांचं दुकान तुडवलं. दोनशे बारा दिवे एकदम गेले.

सगळ्यांसमोर मी ओरडलो, "तुला सहापर्यंत मोजता येत नाही?" तो पोशाखातून डोकं काढून घामाने निथळत उभा होता. म्हणाला, "मोजलं रे तोकु. शपथेवर सांगतो, सहा मोजले."

त्याच दुपारी स्टुडिओच्या विश्रांतीच्या खोलीत मी वडिलांची काठी तिथल्या चटईवर ठेवली. काठी आठ बोटं बाहेर आली. मी ती उचलली, फडक्यात गुंडाळली, आणि गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी निर्मात्याने कुमागाईला इमोगोनवरून काढलं. मी तिथेच होतो. तोंड उघडलं नाही. आज उघडीन, उद्या उघडीन असं म्हणत राहिलो. मला भीती वाटत होती. मिहोको वर्षाची होती, हे मी स्वतःला कारण म्हणून सांगायचो. खरं कारण असं की क्योतोच्या तातामीवाल्याच्या मुलाने चटईत चूक केली, हे ऐकायची मला लाज वाटत होती.

कुमागाई पुढे दोन माणसांच्या राक्षसांचे मागचे पाय झाला. मग जिन्यावरून पडण्याची कामं केली. मग पोरांना पडायला शिकवू लागला. आम्ही दर नवीन वर्षाला एकमेकांना पत्र पाठवतो, छापील. पंचेचाळीस पत्रं इकडून, पंचेचाळीस तिकडून. हाताने लिहिलेली एक ओळ कुणाच्याही पत्रावर नाही. साचिएला मी एकदा सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "सांगून टाका त्याला." मी म्हटलं, "बघू." ती मरेपर्यंत मी बघतच होतो.

चूक माझी होती. कुमागाई रेंझो सहा चटया बरोबर चालला. हे वाक्य इगाराशीबाईंनी जसंच्या तसं ठेवावं.

कलम आठ. वरच्या खोलीतली गल्ली, आणि माझ्या वडिलांची काठी, मी कुमागाई रेंझो याला देतो. गल्ली त्याची. पन्नासाव्या पर्वाच्या पहिल्या भागात, इमोगोनच्या पोशाखात, त्याने ती स्वतःच्या डाव्या पायाने तुडवावी. नानासेने लिहून दिलं आहे की त्या भागाच्या पाट्यांवर इमोगोन म्हणून पहिलं नाव त्याचं येईल, आणि पहिल्या चार पर्वांच्या जुन्या भागांवरही ते परत घातलं जाईल. तो पंच्याहत्तर वर्षांचा आहे, गुडघा धरतो, हे मला ठाऊक आहे. पाऊल एकच आहे. नवा पोशाख हलका आहे. आधाराला दोन माणसं ठेवता येतील, पण त्याला तसं सुचवू नये, त्यांनाच लाथ बसेल.

त्याने नको म्हटलं, तर गल्ली सांस्कृतिक भवनाला द्यावी. त्यांनी ती काचेत ठेवावी आणि पोरांनी बाहेरून बोटं लावून काच घाण करावी. मग ती गल्ली ज्यासाठी बांधली ते कधीच होणार नाही. ती शिक्षा मला बरोबर आहे.

कलम नऊ. आता एक लबाडी कबूल करतो. मी भेटायला ये म्हटलं असतं तर कुमागाई आला नसता. म्हणून मी त्याला साक्षीदार म्हणून बोलावलं आहे. साक्षीला ये म्हटल्यावर असाकुसाचा माणूस नाही म्हणत नाही. आणि कायद्याप्रमाणे नोटरीला सगळा मजकूर साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचायलाच लागतो. जे मला पंचेचाळीस वर्षांत तोंडाने जमलं नाही ते इगाराशीबाई सरकारी आवाजात वाचून दाखवतील.

बाईंनी विरोध केला. म्हणाल्या, "त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली तर कलम आठ रद्द. दोन्ही चालणार नाही." मी म्हटलं, "तेच तर. ऐकल्यावर त्याला हवं तर त्याने सही करावी, म्हणजे तुझं काही मला नको असा त्याचा अर्थ. त्याला राग धरायचा पूर्ण हक्क आहे, आणि तो सही करून दाखवायची सोय मी करून ठेवली आहे." बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "शेजारच्या खोलीत होरिगोमेबाईंना शिक्का घेऊन बसायला सांगा."

कलम दहा. अंत्यविधी थोडक्यात. वाचणाऱ्या भिक्षूने फार सूर लावू नये. माझ्या आणि साचिएच्या अस्थी एकत्र ठेवाव्यात, ती उजवीकडे, मी घोरतो त्या बाजूला तिला सवय आहे. मिहोकोने रडावं, पण जेवण गार होऊ देऊ नये.

*

पुरवणी, त्याच दिवशी, वाचन झाल्यावर, माझ्याच हाताने लिहिलेली आणि इगाराशीबाईंनी पाहून जोडलेली.

वाचन आज सकाळी साडेदहाला माझ्या घरी झालं. हजर: मी, मिहोको, इगाराशीबाई, पहिले साक्षीदार निवृत्त पोस्टमन नुमाजिरी, आणि कुमागाई. कुमागाई दहा मिनिटं आधी आला, तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचा डबा घेऊन. दारातच म्हणाला, "वाळलास."

मी म्हटलं, "तुझे केस कुठे गेले?"

"पोशाखात राहिले असतील," तो म्हणाला, आणि आत येऊन बसला. पंचेचाळीस वर्षांत आम्ही बोललो ते एवढंच.

इगाराशीबाई गाड्यांच्या वेळा वाचाव्यात तशा आवाजात वाचत गेल्या. रश्श्याच्या कलमाला कुमागाई हसला. कलम सातला त्याने कप खाली ठेवला. सहा चटयांपाशी त्याने डोळे मिटले. मी चटईकडे बघत होतो. माझ्या घरातली चटई तोक्योचीच आहे.

वाचून झाल्यावर कुमागाई म्हणाला, "बाई, ते चटयांचं परत वाचा."

बाईंनी परत वाचलं.

"आठ बोटं?" त्याने मला विचारलं.

"आठ," मी म्हटलं.

"सहा गुणिले आठ, दोन हात." त्याने बोटांवर मोजलं. "मी मोजलं होतं रे, मेल्या. मी तुला तेव्हाच म्हटलं होतं. आजही झोपेत माझा पाय हलतो, बायको उठवते आणि विचारते, कुठे चाललात? मला वाटायचं माझ्या पायातच खोट आहे. पोरांना शिकवताना मी त्यांना सांगायचो, बाबांनो, दोनदा मोजा, मला विचारा एकदाच मोजलं की काय होतं." त्याचा आवाज चढला. "पंचेचाळीस वर्षं! एक फोन करता येत नव्हता? दहा येन पडले असते!"

मी डोकं टेकवलं, चटईला कपाळ लागेपर्यंत. मिहोकोने चहा ओतायला घेतला आणि कपाबाहेर ओतला. ती त्याला म्हणाली, "कुमागाईकाका, बाबांच्या वतीने मीही..." आणि सांडलेला चहा पुसायला लागली.

इगाराशीबाईंनी कागद कुमागाईपुढे सरकवला. त्याच्या हातात शिक्का होता, खिशातून काढलेला. त्याने तो शाईवर दाबला. मी बघितलं. मला वाटलं, झालं. बरोबर आहे त्याचं.

त्याने शिक्का उचलला आणि रुमालाने पुसून टाकला.

"मी सही करत नाही," तो म्हणाला.

इगाराशीबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे आपण साक्षीदार राहायला नकार देत आहात?"

"साक्षीदाराला काही मिळत नाही, असं तुम्हीच वाचलंत ना? मग मी कशाला होतोय साक्षीदार? त्या शेजारच्या खोलीतल्या मासळीवाल्या बाईंना बोलवा." मग तो माझ्याकडे वळला. "आणि तू ऊठ. कपाळावर चटईचे वळ उठलेत तुझ्या. चल वर, बघू दे माझी गल्ली."

चौथ्या पायरीवर त्याचा गुडघा अडला, तेव्हा मी त्याला हात दिला. त्याने तो झटकला आणि मग परत धरला. गल्लीपाशी उभं राहून त्याने साचिएच्या दुकानाकडे बराच वेळ बघितलं. मिहोको मागे उभी होती. तिला तो म्हणाला, "पोरी, तुझ्या आईच्या दुकानावर पाय ठेवायला मला लाज वाटेल. पण तुझी आई टाळ्या वाजवायची, ते मी आतून ऐकलंय. दिसायचं काही नाही, पण ऐकू यायचं सगळं." मिहोकोने काचेच्या पेटीबद्दल काहीच काढलं नाही. तिने विचारलं, "चित्रीकरण मे महिन्यात नक्की कितव्या तारखेला? मला रजा टाकावी लागेल."

कलम अकरा. कुमागाई रेंझो याच्या सांगण्यावरून आणि त्याच्याच शब्दांत घातलेलं. मृत्युपत्र करणाऱ्याने चित्रीकरणाआधी मरू नये. सव्वीस तारखेला डॉक्टरांना त्रास देऊ नये. मे महिन्यात त्याने स्टुडिओत स्वतः हजर राहून अंतर मोजावं, कुमागाई शेजारी उभा राहून प्रत्येक बोट मोजून घेईल, आणि मग चूक झाली तर दोघांची होईल. हे कलम कायद्याने बंधनकारक नाही, असं इथे नोंदवायला इगाराशीबाईंनी सांगितलं. पण ते खोडायला मात्र त्यांनी नकार दिला.

वरचं सगळं मी ऐकलं, ते खरं आहे, आणि मी माझ्या शुद्धीत व बऱ्याच आनंदात त्यावर शिक्का मारतो आहे.

चोफू, तोक्यो. रेइवा आठ, म्हणजे २०२६, फेब्रुवारीची सतरा तारीख.

मृत्युपत्र करणार: त्सुकुदा तोकुजी (शिक्का)

नोटरी: इगाराशी फुसाए (सही व शिक्का)

साक्षीदार पहिले: नुमाजिरी योशिसुके (सही व शिक्का)

साक्षीदार दुसरे: कुमागाई रेंझो. हे नाव खोडलं असून त्या जागी होरिगोमे तामाए (सही व शिक्का). खोडण्याचं कारण: सदर गृहस्थांना मृत्युपत्रातलं हवं आहे.